वर्गातला मुलगा गेला. आता वर्गात काय बोलू?

वहीचं_पान | सोमवार, रात्री १०:४२

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. १९ वर्षं झाली. नववीच्या एका तुकडीची वर्गशिक्षिका आहे. साडेतीन आठवड्यांपूर्वी माझ्या वर्गातला एक मुलगा आत्महत्येने गेला. त्याचं नाव, गाव, कसं झालं, यातलं काहीही इथे लिहिणार नाही आणि कुणी विचारू नये ही विनंती. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बातमी आली त्या सकाळी आम्हा शिक्षकांना दहा मिनिटं ऑफिसात बोलावलं. सांगितलं, "वर्गात या विषयावर चकार शब्द काढायचा नाही. नेहमीसारखे तास घ्या. मुलं विसरतील." मी वर्गात गेले. मुलांना सगळं आमच्या आधीच कळलेलं होतं, रात्रीच मोबाइलवर फिरलं होतं. मी हजेरी घ्यायला लागले. आमच्याकडे नंबराने हजेरी असते. बावीस म्हटलं, 'हजर' आलं, आणि पुढचा आकडा घशात अडकला. मी थेट चोवीस म्हटलं. चोवीस नंबरची मुलगी 'हजर' म्हणालीच नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. सगळा वर्ग बघत होता. मी हजेरीपट मिटला आणि फळ्यावर बहुपदींचं उदाहरण लिहायला घेतलं.

त्या तासाची मला आजही लाज वाटते.

आता परिस्थिती अशी आहे. त्याचा बाकावरचा मित्र अजून अर्ध्याच बाकावर बसतो, दप्तरसुद्धा पलीकडे सरकवत नाही. दोघं जण शाळेत येत नाहीयेत. एक मुलगी दर तासाला पाणी प्यायला म्हणून बाहेर जाते. परवा ती मला जिन्यात म्हणाली, "बाई, त्याने आदल्या रात्री मला मेसेज केला होता. मी बघितला नाही." मी म्हटलं, तुझी काही चूक नाही गं. तेवढ्यात घंटा झाली आणि ती गेली.

मला कळत नाहीये की मी आता काय करू. उशीर झालाय का? तुमच्यापैकी कुणाच्या शाळेत असं झालं असेल तर काय केलं, काय चुकलं, ते सांगाल का?

दिवेलागण | सोमवार, रात्री ११:३५

बाई, उशीर झालेला नाही. हे आधी सांगते, बाकीचं नंतर.

मी शाळांबरोबर काम करणारी समुपदेशक आहे. अशा मृत्यूनंतर मागे राहिलेल्यांना आधार देण्याच्या कामाला 'पोस्टव्हेन्शन' म्हणतात. एडविन श्नाइडमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हा शब्द रूढ केला. शाळेच्या बाबतीत हे काम सांत्वनापुरतं नसतं. एक मृत्यू झाला की त्याच वयाच्या इतर मुलांचा धोका वाढतो, त्यामुळे हेच पुढचं प्रतिबंधाचं काम असतं.

पहिल्या दिवशी बोलायला हवं होतं हे खरं. पण मुलांमध्ये हा विषय गेले साडेतीन आठवडे चालूच आहे, फक्त त्यात कुणी मोठं माणूस नाही. तुम्ही आता गेलात तरी चालेल.

आधी त्याच्या घरच्यांशी बोला. वर्गात काय सांगितलेलं त्यांना चालेल ते विचारा. 'आत्महत्या' हा शब्द नको असं ते म्हणाले, तर खोटं कारण सांगू नका. "घरच्यांनी तपशील बोलू नयेत अशी विनंती केली आहे" एवढं म्हणता येतं, आणि आत्महत्या या विषयावर मात्र मुलांशी बोलता येतं, कारण त्यांच्यात ती चर्चा आहेच. घरच्यांची हरकत नसेल तर वर्गात साधारण असं बोला, तुमच्या तोंडी बसेल तसं बदलून:

"तो गेला त्या दिवशी मी हजेरीत त्याचा नंबर गाळला आणि गणित शिकवायला लागले. काय बोलावं ते मला सुचलं नाही. ते मी तुमच्याशी बोलायला हवं होतं. आज बोलूया. तो आत्महत्येने गेला. त्याच्या मनात नेमकं काय चाललं होतं ते आपल्यापैकी कुणालाच पुरतं माहीत नाही. अशा गोष्टीला एकच कारण नसतं. कुणाला रडू येईल, कुणाला राग येईल, कुणाला काहीच वाटणार नाही. सगळं चालेल. ज्याला बाहेर जायचंय त्याने जावं, फक्त मला सांगून आणि कुणाला तरी बरोबर घेऊन."

एवढं बोलून गप्प राहा. शांतता लांबली तरी ती भरायची घाई करू नका.

कसं झालं, कुठे झालं, चिठ्ठीत काय होतं, यावर बोलायचं नाही. मुलांनी विचारलं तर "ते त्याच्या घरच्यांचं आहे, आपण बोलणार नाही" असं सरळ सांगा. आणि हे सगळं वर्गावर्गात, ओळखीच्या शिक्षकाने करायचं. प्रार्थनेच्या रांगेत किंवा माइकवरून तर मुळीच नाही. सातशे मुलं एकदम रडायला लागली तर कोण कुणाकडे बघणार?

आता कुणाकडे लक्ष ठेवायचं ते. जवळचे मित्र सगळ्यांना सुचतात. निसटतात ती दुसरी मुलं. ज्यांचं त्याच्याशी भांडण झालं होतं. जे त्याला चिडवायचे. ज्यांच्या घरात नुकताच दुसरा मृत्यू झालाय. जी आधीच आतून खचलेली होती आणि ज्यांचा त्याच्याशी काही संबंधही नव्हता. कॅनडात १२ ते १७ वयाच्या २२ हजारांहून अधिक मुलांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेतलं कुणी आत्महत्येने गेलं असेल तर इतर मुलांमध्ये असे विचार आणि प्रयत्न यांचं प्रमाण जास्त दिसलं, आणि ती व्यक्ती ओळखीची होती की नव्हती याने फारसा फरक पडला नाही. म्हणून 'त्याचा ग्रुप' एवढ्यावर थांबू नका.

जिन्यातल्या मुलीबद्दल उद्या वेगळं लिहिते. पण उद्या शाळेत गेल्यावर पहिल्यांदा तिलाच भेटा.

संपादक मंडळ | मंगळवार, सकाळी ७:१०

या धाग्यावर कृतीचे तपशील किंवा ओळख पटेल अशी माहिती देऊ नये. असा एक प्रतिसाद काढून टाकला आहे.

वाचताना स्वतःला त्रास झाला, मनात जीव देण्याचे विचार येत असले, तर वाचन थांबवून जवळच्या कुणाशी तरी आत्ताच बोला. भारतात असाल तर टेली मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या नंबरावर चोवीस तास सुरू असते, मराठीतही बोलता येतं. धोका अगदी समोर असेल तर थेट रुग्णालय गाठा, एकटं राहू नका. इतर देशांतल्या वाचकांनी आपापल्या देशातला मदतीचा नंबर आजच मोबाइलमध्ये साठवून ठेवावा.

रोखठोक | मंगळवार, सकाळी ८:०५

बाईंच्या दुःखाबद्दल आदर आहे. मलाही नववीतली मुलगी आहे म्हणून मनापासून लिहितोय. मला ही वर्गात बोलण्याची कल्पना पटत नाही. ज्या मुलांच्या डोक्यातही नाही त्यांच्या डोक्यात आपण हे घालतोय असं वाटतं. माझ्या मुलीच्या शाळेत असं व्याख्यान ठेवलं तर मी तिला त्या दिवशी घरी ठेवीन. आणि अशा घटना शेवटी क्वचितच होतात ना?

गोलरक्षक | मंगळवार, सकाळी ९:४८

@रोखठोक, मी या साइटवर सात वर्षं आहे, हे कधी लिहिलं नव्हतं.

मी १६ वर्षांचा होतो. तीन-चार महिने रोज तेच विचार होते. कुणीही माझ्या डोक्यात घातले नव्हते. घरात कुणाला पत्ता नव्हता, कारण मी जेवत होतो, हसत होतो, मार्कही बरे होते. आमचे खेळाचे सर होते, मी संघात गोलकीपर होतो. एकदा सरावानंतर मी माझे ग्लोव्हज एका ज्युनियर मुलाला देऊन टाकले. नवे होते. सर नेट गुंडाळत होते, त्यांनी ते बघितलं. सगळे गेल्यावर म्हणाले, "इकडे बस." मग म्हणाले, "तुला मरावंसं वाटतंय का?"

अगदी याच शब्दांत. आवाज न चढवता, पाय दुखतोय का विचारावं तसं. मी 'हो' म्हटलं आणि मला इतकं हलकं वाटलं की मी रडायलाच लागलो. त्यांनी उपदेश केला नाही. आईवडिलांचा विचार कर वगैरे काही नाही. बराच वेळ नुसते शेजारी बसले. मग म्हणाले, "हे मी एकट्याने सांभाळू शकत नाही, तूही नाही. आपण दोघं आत्ता तुझ्या घरी जाऊ." आले. वडिलांशी तेच बोलले, मी बाजूला बसलो होतो. पुढे डॉक्टर, औषधं, एक वर्ष गेलं. आज ३४ वर्षांचा आहे.

कुणी विचारल्याने विचार येत नाही हो. आलेला असतो, तो एकट्याने धरून ठेवलेला असतो.

दिवेलागण | मंगळवार, सकाळी ११:१५

@गोलरक्षक, मनापासून आभार. तुमच्या सरांनी जे केलं तेच आम्ही प्रशिक्षणात शिकवतो: सरळ शब्दांत विचारणं, ऐकून घेणं, एकटं न सोडणं, आणि गुप्ततेचं वचन न देणं.

@रोखठोक, तुमची भीती खूप पालकांना वाटते आणि तिची प्रत्यक्ष तपासणी झालेली आहे. अमेरिकेत मॅडलिन गोल्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या ६ शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर अभ्यास केला, तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ विचारलं, काहींना नाही. ज्यांना विचारलं त्यांच्यात ना अस्वस्थता वाढली ना विचार वाढले. उलट आधीच निराश असलेल्या किंवा पूर्वी प्रयत्न केलेल्या मुलांना विचारल्यानंतर थोडं बरंच वाटलेलं दिसलं.

तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे ते वेगळ्या ठिकाणी. बोलण्याची *पद्धत* घातक ठरू शकते. वर्णन करणं, गेलेल्याला हुतात्मा करणं, 'आता सुटला' म्हणणं, एकाच कारणाला जबाबदार धरणं, हे खरोखर धोक्याचं आहे. व्हिएन्नामध्ये १९८७ मध्ये वृत्तपत्रांनी अशा बातम्यांमधला भडकपणा आणि तपशील थांबवला, तेव्हा तिथल्या त्या प्रकारच्या घटना झपाट्याने कमी झाल्या. आणि याची दुसरी बाजू २०१० मध्ये व्हिएन्नाच्याच संशोधकांनी मांडली: संकटातून बाहेर पडलेल्या माणसाची हकीकत लोकांसमोर येते तेव्हा आत्महत्या कमी होताना दिसतात. त्याला 'पापागेनो परिणाम' म्हणतात, मोझार्टच्या संगीतिकेतल्या एका पात्रावरून. गोलरक्षकांचा वरचा प्रतिसाद हे त्याचंच उदाहरण आहे.

क्वचित होतं का, याबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगात वर्षाला ७ लाख २० हजारांहून अधिक माणसं आत्महत्येने जातात, आणि १५ ते २९ या वयात ते मृत्यूचं तिसरं मोठं कारण आहे.

आता जिन्यातली मुलगी. बाई, तुम्ही 'तुझी चूक नाही' म्हणालात ते खरंच आहे, पण ते लवकर म्हटलं की बोलणं तिथेच संपतं. तिला आधी सगळं सांगू दे. मेसेज काय होता, तिने केव्हा बघितला, तेव्हापासून झोप लागते का. मग विचारा, "तुझ्याही मनात मरायचे विचार येतात का?" उत्तर 'हो' असेल तर त्याच दिवशी घरी आणि तज्ज्ञांकडे. 'नाही' असेल तरी दोन दिवसांनी पुन्हा भेटा. तिच्याकडे तो मेसेज अजून असेल. तो ग्रुपवर टाकू नकोस, पण जपून ठेवायचा असेल तर ठेव, आणि एकटी रात्री पुन्हा पुन्हा वाचत बसू नकोस, असं सांगा.

रोखठोक | मंगळवार, दुपारी १:३०

गोलरक्षक, तुमचं वाचून काही वेळ काहीच सुचलं नाही. मी माझं मत मागे घेतो. संध्याकाळी मुलीशी बोलेन. नेमकं काय विचारायचं असतं तेही कुणी सांगा. ती मोठ्याने बोलत नाही फारशी.

तिसरी_घंटा | मंगळवार, दुपारी ३:५५

@रोखठोक, समोरासमोर बसवून विचारू नका. गाडीत, चालताना, भांडी पुसताना विचारा. नजर दुसरीकडे असली की मुलं बोलतात. आणि एक प्रश्न नक्की: "तुझ्या कुणा मैत्रिणीने तुला असं काही सांगून शप्पथ घातली आहे का?" आमच्या शाळेत हेच झालं होतं. तीन मुलींना माहीत होतं आणि तिघींना शप्पथ होती. अशी शप्पथ मोडायची असते, मोडली तर कुणालाही काही होत नाही, हे मुलांना कुणीतरी मोठ्याने स्पष्ट सांगायला हवं. आम्ही सांगितलं नव्हतं.

मी मुख्याध्यापिका आहे, सहा वर्षांपूर्वी आमची एक विद्यार्थिनी गेली. आमच्या चुका सांगते म्हणजे बाईंना उपयोग होईल.

पहिली चूक, आम्ही तिच्या वर्गाबाहेर फोटो, हार, समई असं पंधरा दिवस ठेवलं. मुलं तिथे चिठ्ठ्या ठेवायला लागली. त्यातली एक चिठ्ठी वाचून माझे हातपाय गार पडले, 'मलाही तुझ्याकडे यायचंय' अशी होती, आणि खाली नाव नव्हतं. ते अक्षर कुणाचं ते शोधायला दोन दिवस लागले. ती मुलगी सापडली, आज ठीक आहे. पण ते दोन दिवस मी विसरू शकत नाही.

नंतर कळलं की याबाबत साधा नियम आहे. अपघाताने, आजाराने किंवा आत्महत्येने, कुठल्याही कारणाने मूल गेलं तरी शाळेने एकच पद्धत ठेवावी. आत्महत्येसाठी कमी केलं तर घरच्यांना कलंक लागतो, जास्त केलं तर नाजूक मनाच्या मुलाला वाटतं, गेल्यावरच सगळे आपलं म्हणतात. कायमची पाटी, तिच्या नावाचं बक्षीस, असलं काही करू नये. मुलांना काही करायचंच असतं, तर तिच्या आईवडिलांना पत्रं लिहू द्यावीत, पाठवण्यापूर्वी शिक्षकांनी प्रत्येक पत्र वाचावं.

दुसरी चूक, बाक. आम्ही रातोरात बाक उचलून नेला. सकाळी मुलं आली तर जागा रिकामी. एका मुलाने मला विचारलं, "मॅडम, मी गेलो तर माझापण असाच नेणार का?" बाई, तुमचा बाक अजून तिथे असेल तर बरंच आहे. वर्गाला विचारून, सांगून, ठरवून हलवा. आणि तो मित्र अर्ध्या बाकावर बसतो त्याला आत्ता सरकवू नका.

तिसरी चूक, शिक्षकांना आम्ही गृहीत धरलं. तिची वर्गशिक्षिका दुसऱ्या दिवसापासून पाच तास शिकवत होती. महिनाभराने ती स्टाफरूममध्ये कोसळली. तुम्ही हे सगळं करताय, पण तुमच्याशी कोण बोलतंय? वर्गात उद्या बोलाल तेव्हा दुसऱ्या एका शिक्षकाला बरोबर घ्या. तुम्हाला रडू आलं तर त्यांनी पुढे बोलावं.

ऑफिसची_खिडकी | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

मी शाळेत कारकून आहे. मोठ्या विषयावर माझ्यासारख्याने काय लिहावं असं वाटत होतं, पण हे कुणी सांगणार नाही म्हणून लिहितो.

आमच्याकडे मूल गैरहजर असलं की पालकांच्या मोबाइलवर आपोआप मेसेज जातो. 'आपला पाल्य आज शाळेत अनुपस्थित आहे.' एक विद्यार्थी गेला आणि त्याचं नाव यादीतून काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. अकरा दिवस रोज सकाळी साडेआठला त्याच्या आईला तो मेसेज जात होता. बाराव्या दिवशी त्याचे वडील ऑफिसच्या खिडकीशी आले. ओरडले नाहीत. मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "हे तेवढं बंद होईल का?"

बाई, उद्या पहिल्यांदा ऑफिसात जाऊन बघा. हजेरीचे मेसेज, फीची आठवण, वाचनालयाचं पुस्तक थकल्याची चिठ्ठी, पालकसभेचं निमंत्रण, वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक, निकालाची छापील यादी. एकेक ठिकाणी नाव असतं. सगळं एका माणसाकडे द्या आणि त्याने टिक करत जावं.

वहीचं_पान | मंगळवार, रात्री ८:०२

खिडकीवाले दादा, तुमचं वाचलं आणि लगेच आमच्या ऑफिसमधल्या ताईंना फोन केला. मेसेज चालू होते. आज सकाळीही गेलाय. आता बंद केले.

त्याच्या आईला फोन केला. सुरुवातीला दोघींनाही बोलता येईना. मग मी मेसेजबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मला वाटलं मुद्दाम पाठवताय." वर्गात खरं सांगायला त्यांची हरकत नाही. त्या म्हणाल्या, "पोरांना सांगा, त्यांनी कुणाला तरी सांगावं."

जिन्यातल्या मुलीशी मधल्या सुट्टीत बोलले. विचारलं, त्याच शब्दांत. माझाच आवाज थरथरत होता. ती म्हणाली, "मरायचं नाही बाई, पण झोप येत नाही आणि फोन वाजला की पोटात गोळा येतो." संध्याकाळी तिची आई येऊन भेटली, उद्या त्या तिला डॉक्टरांकडे नेत आहेत.

धाकटी | मंगळवार, रात्री १०:१५

मी आठवीत होते, दादा बारावीत. एकच शाळा होती. तेराव्या दिवसानंतर मी शाळेत गेले तर मी दिसले की बोलणं बंद व्हायचं. शिक्षक मला प्रश्न विचारेनासे झाले. गृहपाठ नाही केला तरी कुणी रागवायचं नाही. त्यांना वाटत असेल ते माझ्यावर दया करताहेत. मला वाटायचं मीपण गेलेय की काय.

एकच बाई वेगळ्या वागल्या. चित्रकलेच्या. माझ्या वहीवर वाकून म्हणाल्या, "तुझा दादा रेघ मारताना जीभ बाहेर काढायचा. तू पण काढतेस." बस्स. घरी येऊन मी आईला सांगितलं आणि आई इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. त्याचं नाव घेतलं तर आम्हाला दुःख होईल असं लोकांना वाटतं. दुःख तर होतंच. नाव घेतलं की तो होता, हे कुणालातरी आठवतंय असं वाटतं.

अजून एक. 'मार्क कमी पडले म्हणून गेला' असं आमच्याकडे सगळे म्हणत. दादाला आजार होता, नैराश्याचा, दोन वर्षं. मार्क हे फक्त सांगायला सोपं होतं. आणि 'जीव दिला', 'आत्महत्या *केली*' हे ऐकलं की वाटायचं त्याने कुणाचा तरी गुन्हा केलाय. 'आत्महत्येने गेला' असं इथे बाईंनी लिहिलंय ते वाचून बरं वाटलं.

दिवेलागण | बुधवार, सकाळी ७:४०

@धाकटी, शाळेत परतलेल्या भावंडांसाठी हा प्रतिसाद मी माझ्या शिक्षकांना वाचून दाखवू का? नाव, ओळख काही न सांगता.

बाई, आज तुमचा दिवस आहे, म्हणून फक्त राहिलेल्या दोन गोष्टी.

पालकांना चिठ्ठी पाठवा आणि त्यात एक वाक्य नक्की असू द्या: घरातली औषधं, कीटकनाशकं आणि इतर घातक वस्तू काही महिने कुलपात ठेवा. संकटाचा अगदी तीव्र काळ बरेचदा काही मिनिटांचा किंवा तासांचा असतो, त्या वेळी हाताशी काय आहे यावर फार अवलंबून असतं. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि १९९५ ते २०१५ या काळात तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. माणसांची दुःखं काही तेवढ्या प्रमाणात कमी झाली नव्हती.

दुसरं, पुढच्या वर्षाचं. शाळा आता घाईने एखादं व्याख्यान ठेवेल. एका व्याख्यानाने काही होत नाही. युरोपातल्या १० देशांत, १६८ शाळांत, ११,११० विद्यार्थ्यांवर 'सेल' नावाचा अभ्यास झाला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन पद्धती ताडून बघितल्या: शिक्षकांना प्रशिक्षण, तज्ज्ञांकडून चाळणी (म्हणजे धोक्यात असलेली मुलं तपासून शोधणं), आणि मुलांबरोबर थेट काही तास भूमिका-नाट्य, चर्चा, मनाच्या आरोग्याबद्दल शिकवणं. वर्षभरानंतर फक्त तिसऱ्या पद्धतीत प्रयत्नांचं आणि तीव्र विचारांचं प्रमाण साधारण निम्मं झालेलं दिसलं. मुलंच एकमेकांना आधी ओळखतात, त्यामुळे मला यात नवल वाटत नाही. पण हे सावकाश, काही महिन्यांनी करा, आत्ता नाही.

आणि त्याचा वाढदिवस, परीक्षेचा काळ, पहिलं वर्ष, या तारखा आत्ताच डायरीत लिहून ठेवा. मुलं तेव्हा पुन्हा हलतात.

मोगरा२ | बुधवार, सकाळी ९:१२

वाचतेय. बाई, आज तुमच्या वर्गाबरोबर आहे मनाने.

रोखठोक | बुधवार, दुपारी १२:४४

काल बोललो. चालताना. शप्पथेचं विचारल्यावर तिने पावलं थांबवली आणि एका मैत्रिणीचं नाव सांगितलं. त्या मुलीच्या आईवडिलांशी रात्रीच बोललो. ते तिला घेऊन डॉक्टरांकडे गेलेत. तिसरी_घंटा मॅडम, तुमचा तो एक प्रश्न नसता तर मला कळलंही नसतं.

वहीचं_पान | बुधवार, रात्री ९:३०

बोलले वर्गात. विज्ञानाचे सर बरोबर होते. मी हजेरीपट उघडला, बावीसपर्यंत आले आणि तिथे थांबून बोलायला लागले. लिहून नेलं होतं, अर्ध्यातच कागद बाजूला ठेवला. पहिली सात-आठ मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो त्याला फार चिडवायचा, उठून म्हणाला, "बाई, मी त्याच्याशी वाईट वागलो होतो." आणि उभाच राहिला. मी त्याला बस म्हटलं नाही, त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. नंतर सर त्याच्याशी एकट्याने बोलले, उद्याही बोलणार आहेत. चार नावं आम्ही दोघांनी लिहून काढलीत. त्यातली दोन आमच्या डोक्यातही नव्हती. येत नसलेल्या दोघांच्या घरी शुक्रवारी जाणार.

बाक तिथेच ठेवायचा असं वर्गाने ठरवलंय, सत्र संपेपर्यंत.

एक विचारायचं राहिलंय. त्याच्या वह्या, कंपास, एक स्वेटर माझ्या कपाटात आहे. आई उद्या न्यायला येणार आहेत. त्यात त्याचा चाचणीचा पेपर आहे, मी तपासलाच नव्हता. गठ्ठा माझ्याकडे होता आणि मग ते झालं. तपासून देऊ, का तसाच देऊ? आज संध्याकाळपासून टेबलावर ठेवलाय.

धाकटी | बुधवार, रात्री ९:५१

तपासा बाई. नेहमीसारखा. मार्क वाढवू नका, कमी करू नका. दादाच्या शेवटच्या पेपरवर त्याच्या सरांच्या लाल पेनच्या खुणा आहेत. आई त्यावरून अजून बोट फिरवते.

वहीचं_पान | बुधवार, रात्री ११:१८

तपासला. २० पैकी १४. चौथ्या उदाहरणात कंस सोडवताना वजाचं चिन्ह सुटलंय, नेहमी सुटायचं. तिथे गोल केलाय आणि बाजूला लिहिलंय, 'चिन्ह बघ.'